पट्टी कुणाच्या नावावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, कुठल्याही दवाखान्यात सकाळी थोडा वेळ बसून पाहा. तिशी-पस्तिशीची एखादी बाई हमखास दिसेल. डोकं दुखतं, कंबर धरते, छातीत धडधडतं, अंगावरून पांढरं जातं, झोप नाही. तपासण्यांत काही निघत नाही. मग सलाईन लावतात, शक्तीच्या गोळ्या देतात आणि ती पुन्हा शेतावर जाते. महिन्याभरानं परत येते. सोबत सासूबाई नाही तर नवरा असतो, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं बहुधा तेच देतात!

अशा दुखण्याच्या मुळाशी पुष्कळदा नैराश्य असतं. ‘माझं मन लागत नाही’ असं आपल्याकडची बाई सहसा बोलत नाही. घरात ऐकलंच तर शरीराचं दुखणं ऐकलं जातं, म्हणून ती तेच सांगते.

जुन्नर-आंबेगावात बाई किती राबते, हे मी तुम्हाला सांगायला नको. टोमॅटोची तोडणी, कांद्याची काढणी, पहाटेच्या धारा, पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात हिरडा गोळा करणं. पण माल नारायणगावच्या बाजारात गेला की आडत्याची पट्टी होते ती नवऱ्याच्या नावानं. दुधाचा पगार त्याच्याच खात्यावर. सातबारा सासऱ्यांचा. माहेरी किती दिवस राहायचं, मुलीला बारावीनंतर पुण्याला पाठवायचं की नाही, हे ओसरीवर ठरतं. ती चहा घेऊन येते तोवर ठरून गेलेलं असतं. कष्टाचा थकवा झोपेनं जातो. आपल्या शब्दाला या घरात किंमत नाही, हे रोज नव्यानं कळणं मात्र झोपेनं जात नाही.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. नैराश्य आणि चिंतेचे आजार कुणात अधिक आढळले? गरिबी आणि जुनं दुखणं असलेल्यांत तर आढळलेच. पण नवऱ्याकडून लैंगिक जबरदस्ती सोसणाऱ्या, घरच्या निर्णयांत स्थान नसलेल्या, घरच्यांचा आधार नसलेल्या बायकांतही. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंधही जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी जास्त दिसला. अर्थात, एकदाच केलेल्या पाहणीवरून कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे ठामपणे सांगता येत नाही. खचलेल्या बाईचा शब्द घरात आणखी हलका होतो, हेही खरंच.

आणि कर्त्या पुरुषाला तरी हा मोठेपणा कुठं झेपतो? भाव पडला, सोसायटीचं कर्ज थकलं, तरी बायकोजवळ बोलायची सोय त्यानं ठेवलेली नसते.

आमच्याकडे बिबट्या दिसला की सारं गाव ग्रामपंचायतीत जमतं, पिंजरा मागतं. सून तीन महिने धड जेवलेली नाही, ही बातमी शेजारच्या घरातही जात नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला होता. तेवढं जमत नसेल तर निदान दुधाचा पगार तिच्या खात्यावर जमा होऊ द्या. दवाखान्यात गेल्यावर पाच मिनिटं तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. नैराश्य हा आजार आहे; समुपदेशनानं, गरज पडल्यास औषधांनी तो बरा होतो. पण गोळ्या चालू आणि घरात शिवीगाळही चालू, असं असेल तर गोळ्यांनी तरी किती करावं?

मारहाणच व्हायला हवी असंही नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात सततचा अपमान आणि पैशाची कोंडी हासुद्धा छळच धरला आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येतं. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर गावातल्या आशाताईंना सांगा. त्या घरी येतात तेव्हा कुणाला संशयही येत नाही.