प्रार्थनेपूर्वीची दोन पावले



संत इग्नाशियस लोयोला यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ १५४८ साली रोमेस छापला गेला. त्यांत ते सांगतात, प्रार्थनास्थानापासून एकदोन पावले अलीकडे, एक ‘आमच्या बापा’ म्हणण्याइतका वेळ उभे राहावे व परमेश्वर आपणांकडे पाहत आहे हे ध्यानी आणावे.

या महोत्सवाच्या जमाखर्चावरून एका बांधवावर रोष धरून आम्ही एके सकाळी तडक वेदीपाशी गेलो. ओठ हलले, अंतःकरण दाराबाहेरच राहिले. अर्पणापूर्वी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा स्मरली. सायंकाळी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तेव्हा कोठे प्रार्थना साधली.

मन विखुरलेले असले तरी भिऊ नये. तो पाहत आहे, या श्रद्धेने उंबरठ्यावर क्षणभर थांबावे. मगच आंत यावे.