नोकरी सोडताना नोटीस किती दिवसांची?



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत मोठमोठे विषय होतात. त्यांत नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगावे हा कारकुनी प्रश्न कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु कामगारांचे अर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यांत मला एक गोष्ट दिसली. नोकरी मागण्याच्या अर्जापेक्षा नोकरी सोडण्याच्या अर्जावर सही करताना माणसाचा हात अधिक कापतो. असे का व्हावे, याचा विचार करू लागलो की हा विषय लहान राहत नाही.

नोकरी सोडण्याचा हक्क आपणांस आयता मिळालेला नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. कारागीर, कामकरी किंवा मजूर याने आगाऊ पैसे घेतले आणि ठरलेले काम पुरे केले नाही, तर मालक त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकत असे. मॅजिस्ट्रेटचा हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी वाद, मजुराने मोडला तर तुरुंग! हा कायदा रद्द करण्याचा ठराव व्हायला १९२५ साल उजाडावे लागले.

मुंबईच्या गिरण्यांत बेडीची गरज नव्हती. तिथे पगारच अडकवून ठेवीत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी हाती पडे, आणि नोटीस न देता गिरणी सोडणाऱ्याचा तो साठलेला पगार बुडे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबर आणखी एक मागणी होती: मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. वरवर पाहता ही तारखेची मागणी. पण ज्याचा पगार मालकाच्या पेटीत अडकलेला आहे त्याला गिरणीच्या दारातून बाहेर पडता येत नाही, हे लोखंड्यांनी ओळखले होते. पुढे १९३६ च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी ७ तारीख आणि इतरत्र १० तारीख ठरवून दिली.

मग आला १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. या कायद्याखाली जे नमुनेदार स्थायी आदेश तयार झाले, त्यांत आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कायम कामगाराची नोकरी संपवायची असेल तर मालकाने किंवा कामगाराने लेखी नोटीस द्यावी. मासिक पगार असेल तर एक महिन्याची, इतरांसाठी दोन आठवड्यांची. नोटिशीऐवजी तितक्या दिवसांचा पगार दिला तरी चालेल. या वाक्यातील 'मालकाने किंवा कामगाराने' हे शब्द आपण विसरू नयेत. दोघांसाठी एकच वाक्य आणि एकच आकडा आहे.

आता याच मापाने आजच्या नेमणूकपत्रांकडे पाहा. हिंजवडीत संगणकाचे काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना पुष्कळ ठिकाणी ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोकरीने सोडायचे ठरवले तर तीन महिने आणि मालकाने काढायचे ठरवले तर एकच महिना, अशीही पत्रे माझ्यापुढे आली आहेत. इतके दिवस नव्या जागेवाले थांबत नाहीत, आणि नव्या जागेची खात्री नसताना जुनी सोडण्याची ऐपत थोड्यांची असते. नोटिशीऐवजी पैसे भरा, ही सवलत दोघांनाही आहे खरी. पण एक महिन्याचा पगार मालकाच्या तिजोरीत असतो आणि कामगाराच्या घरी असतो, तो आकड्याने सारखा असला तरी वजनाने सारखा नसतो.

येथे कोणी विचारील, "नोटीस न देता गेलो तर कोर्ट मला धरून आणील काय?" नाही. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावीत नाही. १९६३ च्या कायद्याचेही तेच तत्त्व आहे. मात्र भरपाई मागितली जाऊ शकते. एका सरकारी बँकेने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट घातली होती. ती २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचा. १९४६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. मूळ कायद्यात १०० कामगारांची अट होती, संहितेत स्थायी आदेशांसाठी ३०० ची आहे. त्याहून लहान ठिकाणी बहुधा नेमणूकपत्र हाच तुमचा कायदा.

एवढे हक्काचे झाले. आता कर्तव्याचे बोलतो, कारण युनियनवाला फक्त हक्कच शिकवतो असा एक समज आहे. रात्रपाळीची परिचारिका न सांगता गेली किंवा बॉयलरवरचा माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही, तर त्याचे काम मालक करीत नाही. शेजारचा सोबती दुप्पट पाळी करतो. म्हणून मी आमच्या मंडळींना सांगत आलो आहे की नोटीस लिहायची मालकाच्या नावाने, पण द्यायची सोबत्यांसाठी. काम समजावून द्यायला जितके दिवस लागतात तितके दिवस प्रामाणिकपणे द्यावेत. साधारण कामाला महिना पुरतो. जेथे पगारच मिळत नाही, जिवाला धोका आहे, किंवा एखाद्या भगिनीच्या अब्रूवर हात पडतो, तेथे दिवस मोजत बसू नये. पण निघताना कारण लेखी नोंदवून निघावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. राजीनामा लेखी द्यावा, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख घालावी आणि नकलेवर पोच घ्यावी. कोऱ्या किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर कधीही सही करू नये. नोकरी देतानाच असा कागद लिहून घेऊन तो कपाटात ठेवणारे मालक आहेत. तो कागद म्हणजे राजीनामा नव्हे, ती गळ्यातली दोरी आहे. पुढील तारखेचा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी सर्वसाधारणपणे मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका न्यायाधीशाच्याच राजीनाम्याच्या प्रकरणात मान्य केले. ग्रॅच्युइटीला कायम नोकराची सलग पाच वर्षे लागतात, आणि राजीनामा दिला तरी ती मिळते. तेव्हा चार महिन्यांच्या घाईने पाच वर्षांची कमाई घालवू नका. हिशेबाचे म्हणाल तर जुन्या कायद्यात दोन दिवसांत पगार चुकता करण्याचे बंधन मालकाने काढलेल्या माणसापुरते होते. नव्या वेतन संहितेने राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांत पगार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मागून घ्या.

पण ज्याला नोटीस देताच येत नाही असा माणूस आपल्याच महाराष्ट्रात आहे. बीडकडून नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला निघते. त्या दोघांना मिळून एक 'कोयता' म्हणतात. निघण्यापूर्वीच मुकादमाची उचल घरात खर्च झालेली असते. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आजारपण आले तरी नाही. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली, आणि १८५९ चा कायदा तर केव्हाच गेला. पण आगाऊ पैशाने माणूस बांधण्याची ती रीत उसाच्या फडात आजही मला भेटते.

शेवटी एक विनंती. या मंडपात कामगार आहेत तसे दुकानदार आहेत आणि घरी धुण्याभांड्याला बाई ठेवणारी कुटुंबेही आहेत. बाई न सांगता काम सोडून गेली की आपण चार घरी तक्रार करतो. आणि आपण तिला "उद्यापासून येऊ नको" असे सांगतो तेव्हा? तिच्या चुलीला एक महिन्याची मुदत आपण देतो का? आधी सांगावे ही अपेक्षा रास्त आहे, पण ती दोन्ही बाजूंनी पाळली पाहिजे. आज घरी गेल्यावर आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला एवढेच सांगा, की तुला काढायचे झाले तर महिनाभर आधी सांगेन, नाहीतर महिन्याचा पगार हातावर ठेवीन. मग त्याच्याकडून महिन्याची नोटीस मागण्याचा अधिकार आपला.