पोटखराब्याचा हिशोब

(रत्नागिरीत झालेल्या स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'चांगली अर्थव्यवस्था कशाला म्हणायचं?' असा छापला आहे. काल रात्री जेवताना शेजारी बसलेल्या एक काकी मला म्हणाल्या, "बाय, म्हैना सरायच्या आधी आमच्या हातातलं पैसं सरतात. आमची कसली अर्थव्यवस्था?" मी त्यांना विचारलं, "काकी, बियाण्याचं भात कधी शिजवलंत?" त्या एकदम म्हणाल्या, "छे! उपाशी ऱ्हाऊ, पन बियान्याला हात न्हाय लावायचा."

ही अर्थव्यवस्थाच आहे. आज काय खायचं, उद्यासाठी काय ठेवायचं, कुणाला किती वाढायचं, हे ठरवणं म्हणजे अर्थकारण. त्यामागे पैशापलीकडचं काहीतरी असतं. बियाण्याला हात लावायचा नाही, पावसाळ्यात मासळी अंडी घालते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेशिवाय समुद्रात जायचं नाही, हे नियम कुणी अर्थशास्त्र्याने घालून दिलेले नाहीत. निसर्गाचं भान आणि चांगल्या-वाईटाची जाण यांतून ते आले. आज सरकारही जून-जुलैत मासेमारी बंद ठेवतं. लोकांना आधीपासून कळत होतं तेच कायद्यात आलं.

पण त्याच काकींना मी पुढे विचारलं, "आणि घरात शेवटी कोण जेवतं?" त्या हसल्या. आपण सगळ्याच हसलो. बाईने शेवटी जेवायचं, उरलंसुरलं खायचं, हाही आपल्या घरातला एक 'नैतिक' नियमच आहे. म्हणून आज मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. मूल्यांशिवाय अर्थव्यवस्था नसते, ही एक. आणि ती मूल्यं कुणी ठरवली, त्यांचा भार कुणाच्या डोक्यावर पडला, हे विचारल्याशिवाय तिला चांगली म्हणता येत नाही, ही दुसरी.

आपल्यापैकी किती जणींनी घरचा सातबारा नीट वाचला आहे? त्यात एक शब्द असतो, 'पोटखराबा'. म्हणजे लागवडीला योग्य नसलेलं क्षेत्र. आपल्या जिल्ह्यातला सडा, कातळ बहुतेक असाच लिहिलेला. बाहेरून येणारा साहेब तो बघतो आणि म्हणतो, इथे तर काहीच नाही. तो बहुधा मे महिन्यात येतो, हेही लक्षात घ्या.

आता आपण यादी करू. पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू कुठून आणता? गुरं कुठे चरतात? गवताचे भारे, चुलीला फाटी, भाजावळीला कवळ कुठून येतं? सड्यावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून मुरतो आणि खाली वाडीतल्या विहिरीला, झऱ्याला पाणी येतं. ही यादी मी एका गावात बायांबरोबर फळ्यावर लिहीत होते. फळा भरला तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ज्याच्यावर आमचं पोट भरलं, त्याला पोटखराबा कसा म्हनतात?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण घरी येताना वाटलं, बाईच्या कामाचंही असंच झालं आहे. देशाच्या उत्पन्नात स्वयंपाक, मुलं-म्हाताऱ्यांची देखभाल मोजत नाहीत. मॅरिलिन वेअरिंग या न्यूझीलंडच्या माजी खासदार बाईंनी १९८८ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. तेल समुद्रात सांडलं आणि ते साफ करायला पैसे खर्च झाले तर देशाचं उत्पन्न वाढतं, पण आईने मुलाला पाजलं तर त्याची नोंद शून्य. आपल्या सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात असं दिसलं, तर असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत बायांची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं सुटली! एवढं राबूनही शिरगणतीवाला आला की घरातून उत्तर जातं, "ती काय करत नाही, घरीच असते." सड्यावर काही नाही आणि बाई काही करत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वहीतली आहेत.

त्या वहीचे परिणाम आपण रत्नागिरीकर भोगत आलो आहोत. राजापूर तालुक्यात जैतापूर अणुप्रकल्पासाठी माडबन आणि आसपासच्या गावांतली जवळपास ९३८ हेक्टर जमीन संपादन केली. त्यातली बरीचशी ओसाड आहे असं सांगितलं गेलं. तिथे भात, आंबा, काजू आणि चराई आहे, असं लोक सांगत राहिले. सुरुवातीला बहुतेकांनी भरपाईचे धनादेश नाकारले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमार तरुणाचा जीव गेला. २०१३ मध्ये भरपाईची रक्कम वाढवल्यावर अनेकांनी धनादेश घेतले. मी घेणाऱ्यांना नावं ठेवणार नाही. पण एक विचारते, ते धनादेश कुणाच्या नावाने निघाले? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या. गवत कापणारी, काजूगर काढणारी, सुकी मासळी पाटीत घेऊन गावोगाव फिरणारी बाई त्या कागदावर कुठेच नव्हती. सडा गेला तर तिचं काय गेलं, हे कुणी मोजलंच नाही.

नाणारचंही तसंच. तीन लाख कोटींची रिफायनरी येणार म्हणून गाजावाजा झाला, लोकांनी विरोध केला, आणि मार्च २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना रद्द झाली. मग बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा भर उन्हात शेकडो बाया तिथे बसल्या, पोलिसांच्या गाड्यांसमोर आडव्या झाल्या. पोलिसांनी धरपकड केली, अश्रुधूर सोडला. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात बारसूही आहे. माणसाने जिथे इतक्या जुन्या काळी चित्रं कोरून ठेवली, ती जागा आपल्या कागदावर पडीक.

याआधीचा धडा गुहागरचा. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला करार १९९२ सालचा. ३ जून १९९७ ला पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस घुसले आणि घराघरांतून बायांना मारत बाहेर काढलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात हे सविस्तर आलं आहे. आणि ज्या 'विकासा'साठी हे केलं त्याचं काय झालं? १९९९ मध्ये वीज सुरू झाली, ती इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये वीज मंडळाने घेणं थांबवलं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. वेलदूरच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाया आणि सुटाबुटातले तज्ज्ञ, यांत हिशोब कुणाचा बरोबर निघाला, ते तुम्हीच ठरवा.

इथपर्यंत टाळ्या मिळतात. आता अवघड बोलते.

मागच्या वर्षी एका बचतगटाच्या बैठकीत मी असंच बोलले. बैठक संपल्यावर एक वहिनी उठून म्हणाली, "ताई, तुमचं पटतं. पन माझा पोरगा आयटीआय करून घरी बसलाय. इथे कारखाना आला तर तो मुंबईला जानार न्हाय. मी काय बोलू त्याला, टाकळा खा?" मी गप्प झाले. तिच्या सासऱ्याची पिढी गिरणीत होती, १९८२ च्या संपात ती नोकरी गेली. नवरा मुंबईत एका खोलीत दहा जणांत राहिला. कोकण मनीऑर्डरवर जगलं असं आपण म्हणतो, पण मनीऑर्डर येईपर्यंतचे दिवस शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळून कुणी काढले? या बाईला 'साधं राहा, निसर्गाच्या कुशीत राहा' असं सांगण्याचा मला काय अधिकार?

गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्येच टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला होता. निसर्गाची भांडवली ठेव खाऊ नका, त्याच्या चालू उत्पन्नावर जगा, असा त्याचा गाभा. मला तो मोलाचा वाटतो. पण आपल्या पर्यावरणवादी मित्रांना मी नेहमी सांगते, गावाचं जुनं जगणं सुंदर होतं म्हणताना दोन मैलांवरून हंडे कुणी आणले तेही सांगा. देवराई राखली हे खरं, पण विटाळाच्या नावाखाली तिथे बाईला मज्जाव होता हेही खरं. कोणत्या वाडीला कोणती विहीर, हे जात ठरवत होती. सरकारच्या वहीत बाईचं काम पोटखराबा आहे, आणि 'परंपरा' म्हणून गोडवे गाणाऱ्यांच्या वहीतही ते फुकटच आहे. जंगल वाचलं आणि बाई वाकली, तर तीही चांगली अर्थव्यवस्था नाही.

त्या वहिनीला मी उशिरा उत्तर दिलं, ते तुम्हालाही देते. कारखाना हवा की नको, एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवला जातो, तिथेच आपण फसतो. येणारं काम कोणतं, किती जणांना, किती वर्षं, हे विचारू या. त्याने विहिरीचं, खाडीचं पाणी बिघडणार का? बिघडलं तर पाणी आणणाऱ्या बाईची किती मिनिटं वाढणार? आंबा, काजू, कोकम, मासळी यांवर प्रक्रिया करायला इथेच चांगल्या मजुरीची कामं का निघू नयेत? निघाली तर काजू फोडून बोटं काळी झालेल्या बाईला हातमोजे आणि किमान वेतन मिळणार की नाही? हे प्रश्न कारखानदारालाही विचारायचे आणि आपल्याच गावच्या बागायतदारालाही.

शेवटी कामाचं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असा कायदा आपल्या राज्यात आहे. ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. या वेळी ती खरी घ्या. गावच्या सड्याची, खाडीची, झऱ्यांची यादी बायांनी करायची: काय मिळतं, कधी मिळतं, कोण आणतं. ती ठराव म्हणून लिहून घ्यायची, सचिवाची सही घ्यायची. उद्या कुणी 'इथे काहीच नाही' म्हणालं तर तो कागद पुढे ठेवायचा.

आणि दुसरं काम घरातलं. सातबारा काढा, आपलं नाव आहे का बघा. मुलीचा वडिलोपार्जित हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केला, देशाने २००५ मध्ये. तरीही भावाने साडी दिली की आपण हक्कसोडपत्रावर अंगठा उठवतो. जमीन वाचवायला आपण उन्हात बसतो, पण ती आपली आहे असं कागदावर म्हणत नाही.

काल भेटलेल्या काकी समोरच बसल्या आहेत. काकी, बियाणं राखता ते चांगलंच करता. आता घरी गेल्यावर आणखी एक करा. सगळ्यांबरोबर ताटावर बसा. चांगल्या अर्थव्यवस्थेची सुरुवात तिथूनही होते.