टाकीत उतरण्याआधी

किकवीहून सातारा रस्त्याने नीरा ओलांडली की शिरवळचे कारखाने लागतात. सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट वाटणारा, असा आपला समज. कारखाने कायद्यात तो आला 1976 च्या दुरुस्तीने. हजार कामगार असतील तिथे सक्तीचा. 2020 च्या संहितेने हा आकडा 500 वर आणला, धोकादायक प्रक्रियेसाठी 250 वर.

या कामाची पदविका मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत वर्षानुवर्षं शिकवली गेली. पण पुढची वीस वर्षं त्याच वह्यांवर काढायची?

बंद टाकीचंच घ्या. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला तर तसंच उतरायचं नाही. तो कमी झालेला ना दिसतो, ना वासाने कळतो. एकजण आत कोसळतो, त्याला ओढायला दुसरा धावतो आणि तोही जातो. अंगाला दोर, बाहेर पहारा, आधी वायुमापक, हे फळ्यावर शिकवून हातात येत नाही. टाकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. (तो मापक शेवटचा कधी तपासला, हेही जरा विचारा!)

पन्नास माणसांच्या वर्कशॉपात तर हा अधिकारीच सक्तीचा नाही. तिथे उतरायचं की नाही, हे मुकादम ठरवतो. माझ्या मते पहिला वर्ग त्याचाच घ्यायला हवा.