वाट कुणाला विचारावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी आजच्या दिवशी बाहेरच्या पाहुण्यांचे भाषण होते. यंदा आपल्यापैकीच कुणी तरी बोलावे असे ठरले आणि ते माझ्या वाट्याला आले. विषय कोणता घ्यावा याचा मी चार दिवस विचार केला. शेवटी गेल्या वर्षीच्या पाहुण्याबाईंनीच तो दिला, असे म्हणायला हरकत नाही.

तुम्हांला आठवत असेल, गेल्या वर्षी समई लावून आपण इथे पाहुण्याबाईंची वाट पाहत होतो. आणि त्या? त्या आपल्या सभागृहाच्या मागे, नाल्याच्या पलीकडे मोटार उभी करून आपली वाट पाहत होत्या! फोनमधल्या नकाशाने त्यांना तिथे नेऊन 'आपण पोहोचला आहात' असे सांगितले होते. आपले स्वागतगीत त्यांना स्पष्ट ऐकू येत होते, पण मध्ये नाला आणि भिंत. शेवटी आपल्या चिटणीसबाई गच्चीवर जाऊन पदर हलवू लागल्या, तेव्हा कुठे बाईंना खरी वाट कळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण लहानपणी शिकलो. ती अशी डोळ्यांनी पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

त्या दिवशी आपण सगळ्या पोट धरून हसलो. मीही हसले. पण हसता हसता मला घरची एक गोष्ट आठवली. ती तितकीशी हसण्याजोगी नाही. सासूबाई समोरच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या मावससासूबाई, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहीण, फार आजारी असल्याचा निरोप आला. दुपारी आम्ही मोटारीने निघालो. मुलगा गाडी चालवीत होता, शेजारी आमचे हे, मागे सासूबाई आणि मी. पुढे फोन लावलेला. तो सांगेल तसे वळायचे.

गाव दोन कोसांवर राहिले असताना एक फाटा आला. फोन म्हणाला, उजवीकडे वळा. बारा मिनिटे वाचतील. सासूबाई म्हणाल्या, "उजवीकडे नको रे. ती वाट ओढ्यात उतरते. डावीकडे पिंपळाच्या पारावरून जा." मुलगा म्हणाला, "आजी, तू इकडून गेलीस त्याला वीस वर्षे झाली. आता सगळे बदलले." हेही म्हणाले, "आई, तू जरा गप्प बस. त्याला सगळे वरून दिसते."

सासूबाई गप्प बसल्या. आणि मैत्रिणींनो, मीही गप्प बसले. थोडे पुढे गेल्यावर मला दिसत होते की वाटेच्या मधोमध गुडघाभर गवत आहे. ज्या वाटेने गाड्या जातात, त्या वाटेच्या मध्ये एवढे गवत वाढत नाही. हे कळायला शिक्षण लागत नाही. पण सातवी शिकलेल्या बाईने यंत्राच्या वर कसे बोलावे, असे मनात आले आणि मी तोंड मिटून घेतले.

दोन्ही बाजूंना ऊस. वाट अरुंद होत होत ओढ्यात उतरली. ओढ्यावरची फरशी पावसाळ्यात वाहून गेलेली. पुढे जाता येईना, मागे घ्यावी तर चाक चिखलात रुतले. फोन मात्र एकाच सुरात सांगत होता, सरळ जा, सरळ जा. अंधार पडू लागला. तेवढ्यात उसाचे वाढे डोक्यावर घेऊन दोन बाया आल्या. त्यांतली एक म्हणाली, "फोन बघून आलात जणू. आम्ही तोंडाला काट्या टाकल्या होत्या, त्या कुणी तरी बाजूला केल्या." तिच्या घरच्यांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मावशी संध्याकाळभर उशाला टेकून दाराकडे पाहत होत्या. न जेवता बसल्या होत्या. अखेर औषध घेऊन झोपी गेल्या. सासूबाई रात्रभर त्यांचा हात धरून बसून राहिल्या. सकाळी दोघी बहिणी बोलल्या, पण दुपारी आम्हांला निघावे लागले. पंधरा दिवसांनी मावशी गेल्या. दोघींच्या वाट्याला आलेल्या थोडक्या वेळातली एक अख्खी संध्याकाळ आम्ही ओढ्यात घालवली. बारा मिनिटे वाचवायला गेलो होतो!

तेव्हापासून माझ्या मनाने घेतले की हा नकाशा वाट ठरवतो तरी कसा, ते समजून घ्यायचे. मुलाच्या मागे लागून मी ते विचारून घेतले. माझ्या भाषेत सांगते.

आपण कुठे आहोत एवढे फोनला आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन आपली जागा काढतो. पण उपग्रह वाट पाहत नाही आणि दाखवतही नाही. वाट ठरते ती नकाशावरून. नकाशात रस्त्यांचे लहान लहान तुकडे असतात आणि जिथे दोन तुकडे मिळतात तिथे एक गाठ. कोणत्या तुकड्याला किती मिनिटे लागतात याचा हिशेब करून, कमीत कमी वेळात जोडत जाणारी माळ यंत्र ओवते.

ही माळ ओवण्याची रीत कुणी शोधली, ती हकीगत ऐकण्यासारखी आहे. 1956 साली हॉलंडमधले एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचे तरुण गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲम्स्टरडॅम शहरात खरेदीला गेले होते. खरेदी करून दोघेही दमली आणि कॉफी प्यायला बसली. तिथे बसल्या बसल्या, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत त्यांनी ही रीत मनात बसवली. 1959 साली ती छापून आली. आजचे फोनमधले नकाशे त्याच रीतीच्या सुधारलेल्या तऱ्हा वापरतात. बायकांबरोबर खरेदीला जायचे म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्या पुरुषमंडळींना ही गोष्ट अवश्य सांगावी!

तेव्हा हिशेबात खोट नाही. खोट असते ती गाठींत. आमच्या ओढ्यावरची फरशी वाहून गेली, पण नकाशातली गाठ तशीच राहिली. यंत्राने तिच्यावर विश्वास ठेवला आणि आम्ही यंत्रावर.

आपल्याच अकोले तालुक्यातली गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार फोनच्या नकाशावरून रात्री कोतूळकडच्या पुलावर गेली. पूल पिंपळगाव खांडच्या धरणाच्या पाण्याखाली होता. गाडीतले दोघे पोहून निघाले, एक जण दगावला. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे प्राणास मुकले. नकाशात तो पूल सलग होता, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. पूल तुटलेला असताना वाट बंद न करणाऱ्यांचाही दोष त्यात मोठा आहे. पण तुटलेला पूल डोळ्यांना दिसेपर्यंत फोन थांबा म्हणणार नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी चूक नावाची. 2009 साली स्वीडनमधले एक जोडपे इटलीतले काप्री नावाचे सुंदर बेट पाहायला निघाले. नाव टाइप करताना अक्षरे मागेपुढे झाली आणि ती दोघे उत्तरेकडच्या कार्पी नावाच्या गावात पोहोचली. बेटावर जाताना समुद्र कसा लागला नाही, हेही त्यांच्या मनात आले नाही! आपण हसतो, पण आपल्याकडे तर अक्षर चुकायचीही गरज नाही. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव खांड, पिंपळगाव माळवी, पिंपळगाव जोगा, पिंपळगाव हरेश्वर. नुसते 'पिंपळगाव' म्हणून निघालो तर कुठल्या मांडवात जाऊन अक्षता टाकू, याचा नेम नाही.

कधी गावाचा ठिपकाच चुकतो. 2012 साली ऑस्ट्रेलियात ॲपल कंपनीच्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर खऱ्या जागेपासून सुमारे सत्तर किलोमीटर दूर, एका रानात दाखवले होते. तिथे पाणी नाही आणि उन्हाळ्यात पारा 46 अंशांपर्यंत चढतो. लोक अडकू लागले तेव्हा पोलिसांना सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. पुढे कंपनीने ती चूक सुधारली.

आणि एक थट्टेची गोष्ट. गूगलचा नकाशा 2005 साली सुरू झाला. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतून युरोपची वाट विचारली तर त्यात एक पायरी यायची: अटलांटिक महासागर पोहून पार करा! ती त्या लोकांनी मुद्दाम केलेली गंमत होती. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. थट्टेची सूचना आणि खरी सूचना एकाच सुरात येते. माणूस थट्टा करताना हसतो, शंका असली तर अडखळतो. "बहुतेक असे जावे लागेल, पण पुढे विचारून घ्या हं," असे म्हणतो. यंत्राला हे 'विचारून घ्या हं' म्हणता येत नाही.

कुणी म्हणेल, मग काय फोन टाकून द्यायचा? मुळीच नाही. माझी भाची परक्या शहरात परीक्षेला एकटी गेली आणि नकाशावरून नीट पोहोचली. रात्रीच्या वेळी कुठल्याही परक्या माणसाला वाट विचारणे मुलींना नको वाटते, आणि ते बरोबरच आहे. तिथे हा नकाशा मोठा आधार आहे. म्हणून मी घरात चार नियम केले आहेत, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला, निघण्यापूर्वी सगळी वाट एकदा डोळ्यांखालून घालावी आणि गावाबरोबर तालुका व जिल्हा पाहावा. दुसरा, नकाशा मोटारीचा लावला आहे की दुचाकीचा, हे बघावे. आपल्या देशात 2017 पासून गूगलने दुचाकीची वाट वेगळी दाखवायला सुरुवात केली आहे. ती मोटारीला मानवेलच असे नाही. तिसरा, पाचदहा मिनिटांच्या लोभाने मोठा रस्ता सोडू नये, विशेषतः पावसाळ्यात आणि रात्री. चौथा, पाणी, काट्या किंवा मधोमध गवत दिसले की थांबावे आणि जवळच्या माणसाला विचारावे.

आणि एक काम मंडळाने करावे अशी माझी विनंती आहे. या नकाशांत चूक कळवण्याची सोय असते. आपल्या गल्ल्या आपल्याइतक्या कुणाला ठाऊक? कोणता बोळ बंद आहे, पावसाळ्यात कुठे पाणी तुंबते, रुग्णवाहिका कोणत्या बाजूने आत येते, हे आपण सांगू शकतो. घरच्या मुलांना हाताशी धरून प्रत्येकीने आपापल्या गल्लीपुरते हे बघावे. नाल्यापलीकडचा आपल्या सभागृहाचा ठिपका मी मुलाकडून दुरुस्त करून घेतला आहे. तरीसुद्धा यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी' असे छापायला लावले, हे तुम्ही पाहिलेच.

शेवटी पुन्हा त्या फाट्याकडे येते. मावशींच्या घरून परतताना मुलाने पिंपळाच्या पाराशी गाडी थांबवली. फोन बंद होता. तो मागे वळून म्हणाला, "आजी, आता कुणीकडे?" सासूबाई म्हणाल्या, "आता विचारतोस होय! आता काय, समोर सडकच आहे." आणि मग वाटभर त्या बोलत राहिल्या. या विहिरीवर कुणाची मोट होती, बैलगाडीतून माहेरी येताना दोघी बहिणी कुठे उतरून चिंचा पाडीत असत, सगळे. माझ्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यातले अक्षरही मी कधी ऐकले नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

घरात वाट माहीत असलेले माणूस मागच्या बाकावर बसलेले असते, मैत्रिणींनो. त्याला गप्प बसवू नका. आणि ते माणूस तुम्ही स्वतः असाल, तर गप्प बसू नका.