वेगळी कपबशी

(बीडमध्ये युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण दहावी. कविता करतो, पण आज कविता वाचणार नाही. एका कपबशीबद्दल बोलायचंय.

आमचं गाव ह्याच जिल्ह्यातलं. आईबाप ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन निघायचं, सांगली-कोल्हापूरकडच्या फडात सहा महिने कोपीत काढायचे. नवराबायको मिळून एक कोयता. माणसं हत्यारावर मोजणारा हा धंदा. माझा चुलता त्यातून निसटला, ट्रकवर क्लीनर झाला. काही वर्षांनी खंगून घरी आला. गावात कुजबुज झाली, 'मोठा आजार'. नाव कुणी घेईना.

सरकारने २००४ साली एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. चुलता त्यानंतर चार वर्षांनी मेला. केंद्रावर गेलाच नाही. रांगेत कुणी बघितलं तर, ह्या भीतीनं मेला.

मग काकीची पाळी. तिची कपबशी वेगळी झाली. ती छपराच्या वळचणीला खोचलेली असायची. तिला पाणी वरून ओंजळीत. कुणी केलं हे? पाटलाच्या वाड्यानं नाही. आपल्या वस्तीनं. माझ्या आईनं. आणि ती कपबशी काडीनं ढकलत बाहेर नेणारा पोरगा मी होतो. ज्यांच्या बापजाद्यांच्या ओंजळीत वरून पाणी पडलं, त्यांनीच ते दुसऱ्याच्या ओंजळीत ओतलं. ह्याची लाज मला आजही वाटते.

कपानं, पाण्यानं, डासानं, शेजारी बसल्यानं एचआयव्ही होत नाही. निरोध न वापरता केलेल्या संबंधातून, दूषित रक्तातून, एकाच सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. आईला वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक बाळं वाचतात. रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू मोजणीत येईनासा झाला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे विज्ञान आहे. बुवाचा अंगारा नाही.

भारतात हा विषाणू १९८६ साली सापडला. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसोझा नावाच्या रक्तदात्याला एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं. कायद्यानंच डांबलं. तो लढला. आज २०१७ चा कायदा उलटं सांगतो : संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही, नोकरी, शाळा, दवाखाना नाकारणं नाही. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो लागू आहे. पण कायदा वस्तीत आपोआप येत नाही. तो आपण न्यायचा असतो.

बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी इन्फंट इंडियाचं आनंदग्राम उभं केलं. घरानं, गावानं नाकारलेली एचआयव्हीबाधित पोरं तिथं वाढतात. त्यांना सलाम. पण मला विचाराल तर आपला विजय तेव्हा, जेव्हा अशा पोराला घर सोडून जावंच लागणार नाही.

मग करायचं काय? दसऱ्याआधी, टोळ्या निघायच्या आत, वस्तीवर तपासणीचं शिबिर मागायचं. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्यानं जाण्याआधी केंद्रात सांगायचं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा फडाजवळच्या केंद्रात सोय मागायची. फडात गोळी तुटली की आजार उलटतो. बाईला एकटीला पाठवायचं नाही, सोबत जायचं. आणि कुणाचं कळलं तर तोंड शिवून ठेवायचं. अडलं तर १०९७ ला फोन, फुकट आहे.

आधी स्वतःची तपासणी. मी केली. रांगेत उभं राहताना माझीबी फाटली होती. घोषणा देणं सोपं असतं दोस्तांनो, ती रांग अवघड असते. म्हणून रांगेत दहाजण मिळून उभे राहू.

काकी जिवंत आहे. रोज गोळी घेते, खुरपायला जाते. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा तिनं चहा केला. मी तिच्याच कपातला अर्धा घेतला. ती काही बोलली नाही. आई दारात उभी होती. थोड्या वेळानं आत आली आणि म्हणाली, मलाबी दे गं घोटभर.

एवढंच सांगायचं होतं. जय भीम.