रफीसाहेबांची मराठी



महंमद रफी 31 जुलै 1980 रोजी, रमजानच्या महिन्यात गेले. मुंबईत भर पावसात हजारो माणसे जनाज्यामागे चालली.

त्यांचा जन्म 1924 सालचा, पंजाबातील कोटला सुलतानसिंगचा. (तेही एक सुलतानचेच गाव!) मराठी त्यांच्या घरची भाषा नव्हती. तरी श्रीकांत ठाकरे यांच्या चालीवर वंदना विटणकरांचे शब्द त्यांनी असे गायिले की मराठी घरांतील आजीबाईंनाही तो आवाज घरचाच वाटला.

मुलांनो, उच्चाराला कोणी हसेल म्हणून तुमच्यापैकी काही जण वर्गात मराठी बोलत नाहीत. रफीसाहेबांचे एक मराठी गाणे नीट ऐका. शब्द किती जपून उच्चारला आहे पाहा. आणि पालकांनो, तेवढा वेळ त्यांना अभ्यासासाठी उठवू नका.